बाबांची फियाट

रविवार, चिंचणी

रंग अगदी तोच जमला, दुधावरच्या सायीचा. त्या रंगासाठी दादाने बोईसर पालथं घातलं. आणि बाबांना आता डोळ्यांनी काहीच दिसत नाही! रंग कुणासाठी शोधत होतो आम्ही?

जुन्या इंजिनाचे पार्ट मिळेनात, म्हणून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं. जुनं भंगारात गेलं. सीटही नव्या केल्या. बाबांना खूश करायचं होतं, एवढंच डोक्यात.

पूर्वी दादाने नाक्यावर फियाट वळवली की बाबा ओटीवरून ओरडायचे, "आली बघ आपली! खोकतेय." आज गाडी दारात येऊन थांबली, तरी ते गप्पच. मीच हात धरून नेलं, दादाच्या शेजारी बसवलं. समुद्रापर्यंत जाऊन आलो. बाबांनी सीटवरून हात फिरवला. म्हणाले, "झकास हाय. आवाजच नाय. कोणाची रे?"

दादाला वाटलं, थट्टा करतायत. तो हसला. मला मागे बसून हसू येईना.

उतरताना बाबांनी विचारलं, "आपली कधी दुरुस्त होणार?"

दादाने गाडीचं दार लावलं. मग म्हणाला, "होईल, बाबा."

मी का नाही बोलले? सांगायला हवं होतं का? सायीचा रंग दारात नुसता चमकतोय. आणि बाबा अजून ओटीवरच आहेत, नाक्याकडे कान लावून.