फोटोओळ न लिहिता

१२ जानेवारी

लेन्सच्या झाकणाचा मी आज या पानावर जाहीर निषेध नोंदवतो! उजव्या खिशात ठेवलं तर डाव्यात सापडतं, डाव्यात शोधलं तर कुठेच नसतं, आणि शोध सोडून दिला की सोफ्याखालून आपल्याकडे बघत बसतं. चराचर सृष्टीत इतकं क्षुद्र आणि इतकं मायावी दुसरं काही नसावं. आज त्याच्यामागे रांगता रांगता उजेड गेला. फोटो राहिला. गुडघे दुखताहेत.

ही म्हणाली, "दोरा बांधा त्याला."

एवढंच. गणिताच्या बाई. उत्तर सांगितलं की विषय संपला.

१४ जानेवारी

लेक गेल्या महिन्यात नोकरीसाठी परगावी गेली, जाताना तिचा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून गेली. "बाबा, जन्मभर लिहिलंत. आता जरा बघा."

ती गेल्यापासून घरात दोन माणसं. मी दिवसभर नगरपालिकेच्या सभा ऐकतो आणि त्यांच्या बातम्या करतो, ही दिवसभर वर्ग घेते. संध्याकाळी दोघंही बोलून-ऐकून रिकामे. मग आमचं संभाषण चालतं ते तारेच्या भाषेत. दूध आणलं. नळ गळतोय. उद्या उशीर.

भांडण नाही हो! भांडायलाही विषय लागतो.

१७ जानेवारी

छायाचित्र मंडळ. दर शनिवारी वाचनालयाच्या माडीवर भरतं. चालवतात एक निवृत्त दंतवैद्य बाई. कुठलाही फोटो आधी दिव्याकडे धरतात, कीड कुठे लागली आहे ते पाहिल्यासारखा.

माझा फोटो: पाण्याची टाकी, मागे मावळता सूर्य. खाली माझी ओळ — "अस्तोन्मुख तेजाचा मूक निरोप".

"आधी काय झालं? फोटो की ओळ?"

ओळ. सोमवारीच लिहून ठेवली होती, सूर्य नंतर गाठला. वर्तमानपत्रातली सवय — फोटोओळ तयार ठेवायची, फोटो येतोच मागाहून. खरं ते सांगून टाकलं. अख्खं मंडळ हसलं. मीही.

"तरीच," बाई म्हणाल्या, "सूर्याला इथे काही कामच उरलेलं नाही."

शिक्षा ठोठावली. पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनापर्यंत एक खिडकी, एक माणूस, एक लेन्स. आणि ओळ लिहायची नाही. शीर्षकसुद्धा नाही! वाक्संन्यासच म्हणायचा.

१८ जानेवारी

ही रोज स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेबल लावून पेपर तपासते. खिडकी आयती, माणूस आयतं. विचारलं.

"माझा फोटो? का, टाकी पाडली की काय?"

वाटाघाटी बराच वेळ चालल्या. अटी अशा: ती काम थांबवणार नाही. मी "जरा हस" म्हणायचं नाही. आणि प्रदर्शन झालं की — "माझी खिडकी मला परत."

मान्य. नगरपालिकेत इतका स्वच्छ करार मी आजवर पाहिलेला नाही.

२० जानेवारी

खिडकी लख्ख, बायको कोळसा. सगळेच्या सगळे फोटो तसेच! कॅमेऱ्यानं बाहेरचं आभाळ मोजलं आणि घरचं माणूस अंधारात ठेवलं.

"हा माझा फोटो आहे की माझ्यावरच्या आरोपाचा?" ही म्हणाली.

२२ जानेवारी

धुतलेली चादर दारावर टांगली, खिडकीचा उजेड उलटून तिच्या चेहऱ्यावर पडावा म्हणून. चादर पडली. आमटीत. त्यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. पण तारेच्या भाषेत नव्हतं!

मग स्टीलचं ताट डब्याला टेकवून उभं केलं. गालावर उजेडाचे ठिपके नाचायला लागले.

"कोन चुकतोय तुमचा," ही म्हणाली. लाल पेन तोंडात धरून तिनं ताट बोटभर फिरवलं. उजेड अलगद कपाळावर जाऊन बसला. "जितक्या कोनात येतो तितक्याच कोनात जातो. शाळेत कुठे होतात तुम्ही?"

"शब्दरूपं पाठ करत होतो."

"दिसतंय."

फोटो हलला. हसत होतो ना!

२३ जानेवारी

ताट जेवायला मिळालं नाही. स्टुडिओच्या मालमत्तेत जमा.

२८ जानेवारी

आजचा प्रयोग: कॅमेरा डब्यांच्या उतरंडीवर ठेवून त्याच्या झडपेची, म्हणजे शटरची, सावकाश उघडझाप करायची. जे स्थिर ते रेखीव उमटतं, जे हलतं ते पुसट. टेबल, पेपरांचा गठ्ठा, कप — सगळं कोरल्यासारखं. ही मात्र धूर! दोन हात, नव्हे सात-आठ हात, आणि चेहऱ्याच्या जागी एक वळण.

मला वाटलं रागावेल. कितीतरी वेळ बघत राहिली.

"संध्याकाळी मी अशीच असते," म्हणाली. "आतून."

मग एका मुलीबद्दल सांगत बसली. त्या मुलीनं गणित चुकीच्या वाटेनं सोडवलं आणि उत्तर बरोबर आणलं. गुण द्यावेत की कापावेत? आम्ही दोघं त्यावर वाद घालत बसलो. भात करपला. काय सुंदर संध्याकाळ!

४ फेब्रुवारी

हिची आज अर्धा दिवस शाळा. मी सभेत, पत्रकारांच्या बाकावर. फोन थरथरला.

"अहो, येताय का? टेबलावर असा उजेड आलाय, असा कधीच येत नाही. समोरच्यांनी काच पुसली वाटतं."

सांडपाण्याच्या ठरावावर मतदान व्हायचं होतं. उठलो. शेजारच्या वार्ताहरानं विचारलं, "घरी काही झालं का?"

"हो. उजेड."

पोचलो तर ही खुर्ची सरकवून, पेपर आवरून, ताट लावून तयार! आणि म्हणे पोज देणार नाही. मी नुसतं पाहिलं तर म्हणाली, "दात काढू नका. जाईल तो."

मतदानाचा निकाल उद्या दुसऱ्यांच्या पेपरात वाचीन.

८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, बाबा फार छळतात का गं?"

"छळतात. पण आता खिडकीचं त्यांना कळायला लागलंय."

नगरपालिकेनं सत्कार केला असता तरी इतका फुगलो नसतो.

१० फेब्रुवारी

ही पोहायची! आंतरशालेय स्पर्धांत. आज फोटो काढता काढता कळलं — पेपरावरून मान न उचलता सांगितलं तिनं, ओल्या वेण्या, कानात पाणी, सगळं. मी म्हटलं, इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस? तर म्हणे, "तुम्ही कधी समोर बसलात?"

वार्ताहर म्हणवतो स्वतःला.

१४ फेब्रुवारी

मंडळात निवड. मी नेला तो फोटो माझ्या मते निर्दोष: बाजूनं चेहरा, पापण्या खाली, कपाळावर ताटाचा उजेड. मनात ओळही तयार झाली होती. गिळली. संन्यास म्हणजे संन्यास!

दंतवैद्य बाईंनी तो बाजूला सारला आणि गठ्ठ्यातून भलताच काढला. ही बोलताना. तोंड उघडं, भुवया वर, लाल पेनाचा हात हवेत अर्धवट पुसट.

"हा लावा. इथे तुम्ही फोटो शोधत नव्हतात. या तुमच्याशी बोलतायत."

घरी येऊन हिला दाखवला. "ईऽ! दात दिसतायत."

"निवड दंतवैद्यांची आहे."

इतकी हसली की खुर्चीत बसावं लागलं. परवानगी मिळाली.

२२ फेब्रुवारी

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. भिंतीवर नुसता क्रमांक, खाली कोरी जागा. माझ्या फोटोपुढे माणसं थांबत होती! एका आजोबांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला. मी खांबाआड उभा, नवरदेवासारखा लाजत.

ही शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन आली, ठेवणीतली साडी नेसून. एकीनं विचारलं, "काय सांगत होतीस गं तू इथे?"

"ह्यांना विचार. ह्यांनाच सांगत होते."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मला आठवेना. झडपेचा वेग आठवतो, ताट कुठे होतं ते आठवतं. मी काहीतरी गंमत करून वेळ मारून नेली. सगळ्या हसल्या. ही पण हसली, जरा उशिरा.

तरी दिवस मोठा आनंदाचा. दोघांनी मिळून फोटो कागदात गुंडाळून घरी आणला.

२३ फेब्रुवारी

खिडकी परत केली. संध्याकाळी कॅमेरा न घेता हिच्यासमोर जाऊन बसलो. तिनं मान वर केली, थांबली. मी टेबलावरचा गठ्ठा उगाच सरळ केला. ती पुन्हा पेपर तपासायला लागली.

फोटो चांगला येईल की नाही, ही माझी खरी काळजी कधी नव्हतीच. हातात कॅमेरा नसला की बायकोशी काय बोलायचं ते मला माहीत नाही. त्याची भीती वाटते.