चुडाव्याला जाणारं पोतं

तीर्थरूप शांतम्माअक्का यांस,

पूर्णेहून तुझा धाकटा भाऊ बसवंत याचा शरणार्थ. तुझे गुडघे कसे हायेत? चारठाण्याला थंडी लय पडली म्हणतात, तेव्हा पहाटे पूजेला बसताना पाय झाकून बसत जा. आमी इकडं सुखरूप हाव, म्हणजे वरून तरी तसंच दिसायलंय. फोनच केला असता, पण घरात माझे फोन ऐकले जातात असा मला संशय हाय. (मी मोठ्यानं बोलतो म्हणून ऐकू जातं, असं पंकज म्हणतो. त्यानं असं म्हणणं हेही संशयाचंच.)

तर गोष्ट दुकानाची. आजोबांनी स्टेशनासमोर गुळाच्या पाकात घोळलेली गुडीशेव विकायला सुरुवात केली, बाबांनी पत्र्याचं दुकान उभं केलं, मी काचेच्या बरण्या आणल्या, आणि पंकजनं काय आणलं तर माझ्यासाठी दुपारची झोप. सकाळी पाक करून दमता, घरी जाऊन पडा, असं रोज म्हणायलाय. पोराला बापाची एवढी काळजी एकाएकी कुठून आली? एकदा अर्ध्या वाटेतून परत फिरलो, तर शटर निम्मं खाली आणि आतून पाकाचा वास. सून शिवरंजनी म्हणाली, कढई धुवायलेय. अक्का, नुसत्या कढई धुण्याचा असा वास सुटला असता तर बाबांनी कधी गूळ विकतच घेतला नसता.

त्यात दर आठवड्याला पंकज एक पोतं घेऊन गाडीनं चुडाव्याला जायचा. मी पोतं हुंगून पाहिलं. आपलीच शेव. पक्कं झालं, लेकानं तिकडं दुसरं दुकान टाकलंय आणि हे विकून मोकळा होणार. मागच्या गुरुवारी मफलरनं तोंड बांधून मी त्याच गाडीच्या मागच्या डब्यात चढलो. (दोघातिघांनी "अप्पा, कुठं निघालात?" म्हणून विचारलं, म्हणजे मफलरचा काही उपयोग झाला न्हाई.) उतरल्यावर पंकज पोतं खांद्यावर टाकून थेट गेला तो त्याच्या शाळासोबत्याच्या, बन्सीधरच्या गोठ्यात. मी कडब्याच्या गंजीआड उभा. बन्सीधरनं आपली शेव घमेल्यात ओतली आणि म्हशीपुढं ठेवली. तीन पिढ्यांचं नाव, आणि पुढ्यात म्हैस. तिनं तोंड घातलं ते जबडेच एकमेकांना चिकटले. मान झटकत ती माझ्याकडं अशी बघायली, जणू मी तिचं काही वाईट केलंय. बन्सीधर म्हणाला, या वेळची जास्तच चिकट हाय.

मी पुढं झालो. मला पाहून पंकज तिथंच रिकाम्या पोत्यावर बसला.

"अप्पा, दिवाळीपासून तुमचा पाक कच्चाच उतरायलाय," तो खाली बघत म्हणाला. "शेवेचा गोळा व्हायलाय. गिऱ्हाईक परत आणून द्यायला लागलं. तुमाला कसं सांगावं?"

मग बरण्यांतून विकली जाते ती कुणाची, असं विचारलं. शिवरंजनीची, म्हणाला. मी दुपारी झोपलो की ती करते.

परतीच्या गाडीत रिकामं पोतं मीच मांडीवर घेऊन बसलो. दुकानात येऊन मी बरणी उघडली आणि मूठभर शेव तोंडात टाकली. अक्का, थेट बाबांच्या हातची चव. माझ्या हाताला उभ्या जन्मात आली न्हाई ती. मी स्टुलावर बसूनच राहिलो. शिवरंजनी तोंड उतरवून दारात उभी, तिला वाटलं आता हा म्हातारा कढई रस्त्यावर फेकणार. मी एवढंच विचारलं, "कुणाकडून शिकलीस?"

"अप्पा, तेवढं नका विचारू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी गल्ल्यावर बसायलोय. हाताला काम न्हाई, लय जड जातंय. लहानथोरांना माझी आठवण सांग.

तुझा,
बसवंत

ता. क. : शिवरंजनी श्रावणात तुझ्याकडं राहून गेली, हे मला आता आठवलं. बाबा पाकात काही तरी टाकायचे, ते त्यांनी मला न सांगता थोरल्या लेकीला सांगितलेलं दिसतंय. माझा संशय तुझ्यावरच हाय.

आणखी एक : खरं काम हे. डॉक्टर म्हणतात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय, म्हणून पाकाचा रंग कळंना. ऑपरेशन परभणीला हाय, त्याची मला भीती वाटायलीय. तू परभणीला ये आणि माझ्याजवळ बस. पण पंकजला असं सांग की यायचा हट्ट तूच धरलास, मी बोलावलं न्हाई. एकदा नजर आली की शिवरंजनीच्या शेजारी उभा राहून ती पाकात काय टाकते ते शिकून घेणार हाय. तिला मात्र कळू देऊ नको, नाहीतर हात आखडता घेईल.