गणपतीसमोर बोललेला भाव

रत्नागिरी
१२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सानिका हीस,

तुझ्या थोरल्या जावेचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण जिभेला काही झालेले नाही. तुझे भाऊजी गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायच्या तयारीला लागलेत.

तेल जरा उतरलं. मे महिन्याच्या शेवटी सरकारने बाहेरून येणाऱ्या तेलावरचा कर कमी केला म्हणे, पण दुकानदाराला चढलेला भाव पाठ असतो, उतरलेला आठवत नाही. आणि मला तरी आता तेलाचं काय करायचंय? फराळाची कढई माळ्यावर गेली.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "वयनी, विरारात आपल्या गावची एवढी घरं, नि माज्याकडून जेवणाचा एक डबा कोन घेत नाय, असा का?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. मला ठाऊक आहे. तेच लिहायला बसले, नि मघापासून तेलाच्या भावापाशी घुटमळते आहे.

गेल्या गणपतीत चाकरमान्यांनी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी दिल्या. सासूबाईंच्या रीतीप्रमाणे आपण देवासमोर नारळ ठेवून चकलीचा भाव बोललो. विसर्जनाला दोन दिवस होत नाहीत तोच कर वाढला नि तेलाचा डबा चारशेने चढला. तू म्हणालीस, "सगळ्यांना फोन करूया, खरा काय ता सांगूया, नि भाव वाढवूया." मी तुझ्यावर डाफरले. देवासमोरचा शब्द फिरवायचा? भांडण झालं, आणि नवरात्रात तू विनोदभाऊजींकडे विरारला निघून गेलीस.

शब्द मी पाळला. कसा, ते ऐक. मिरकरवाड्याच्या मासळी बंदराजवळच्या एका खानावळीतून वापरलेलं तेल अर्ध्या भावात आणलं. दोनदा फडक्याने गाळलं, बटाट्याचे काप तळून वास घालवला. निदान मला तसं वाटलं. बंद पिशव्यांतून चकल्या मुंबईला पोचल्या, लोकांनी लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्याला मांडल्या, नि त्यांना बांगड्याचा वास. भाव पाळला आणि देव बाटवला. अशी मी शहाणी!

विरारच्या आपल्या गावमंडळाच्या काशीरामकाकांचा फोन आला, तेव्हा मी बोलून गेले, "तेल सानिकाने आणून ठेवलं होतं." एवढं एकच वाक्य विरारभर पुरलं. तुझ्या तोंडावर कोणी काही बोलणार नाही, फक्त डबा घेणार नाही.

सासूबाईंना खरं कळलंय. विचारलं कधीच नाही, पण दिवाळीपासून माझ्या हातचं तळलेलं खात नाहीत.

काशीरामकाकांना सांगावं म्हणून तीनदा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. ह्यांचा गावातला मान, उद्या लेकीचं, आपल्या शमिकाचं, लग्न व्हायचं. कारणं खूप आहेत, सगळी माझ्या सोयीची. मला लाज वाटते गं. पण नुसत्या लाजेने काही होत नाही, हेही या वर्षात कळलं.

हे पत्र तू मंडळात दाखवलंस, तर अक्षर माझं नव्हे असंही मी म्हणेन कदाचित.

गणपतीला पंधरा दिवस राहिले. तुम्ही तिकिटं काढलीत ते कळलं. आरतीला सगळा गाव आपल्या ओटीवर असेल. कोणीतरी तुला टोचून बोलेल, तू माझ्याकडे बघशील, आणि मी गप्प बसेन. मी मला ओळखते. घर तुझंही आहे, तरी सांगते, यंदा येऊ नकोस.

तुझं नाव पुढे करून सुटलेली,
नम्रता