हिरड्याखालच्या पोरीचं नाव

३ मार्च २००३
अंगणवाडीतून दुपारी आले, जेवले, जरा लवंडले. परत तेच. जुन्या घरचं अंगण, सारवलेलं, कोरडं ठणठणीत. कोरडं दिसलं की मला कळतं, आपण झोपेत आहोत. कारण ते घर, ते गाव, सगळं नऊ वर्षं धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि आम्ही इथे निरगुडसरला. कळतं, तरी जाग येत नाही. आतल्या आत जागी असते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पित्त झालं आसंल." झालं. म्हणून ही वही.

७ मार्च
जा. स्व. (जागं स्वप्न. दर वेळी एवढं कोण लिहिणार.) आज मुद्दाम चालून पाहिलं. हवं तिकडे जाता येतं. हात भिंतीला घासत गेलं तर टिकतं, हात सुटला की जाग. दाराची चौकटही जागेवर होती. खरी चौकट आम्ही उपटून इथे आणली, रोज तिच्यातूनच जाते येते.
जाता येत असेल तर कुठे जायचं ते मला माहीत आहे.

१२ मार्च
लिहूनच टाकते. माझी पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्याला, त्यामुळे नाव नाही. सासऱ्यांनी खाचराच्या बांधावर हिरड्याखाली पुरली, वर धोंडा, काटे. मी ओली बाळंतीण, मला जाऊ दिलं नाही. पुढे दोन मुलगे झाले, गाव उठलं. येताना देव आणले, जातं आणलं, चौकट आणली. ती तिथेच.

१६ मार्च
वन्संचा निरोप, सारिका मेमध्ये येतेय. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, सारिका तिची मुलगी, अकरा वर्षांची. दर सुट्टीत आमच्याकडेच असते. फ्रॉकचं कापड आणलं. मला मुलीची हौस, ती अशी भागवायची.

२१ मार्च
जा. स्व. हिरड्यापर्यंत पोचले. भिंत संपली तेव्हा बांधाचं गवत मुठीत धरत गेले. धोंड्यापाशी कुणीतरी लहान, पाठमोरं. हाक मारायची, पण काय म्हणून? "बाळ" म्हणाले. अंगणवाडीत रोज वीस बाळांना बाळच म्हणते. हलली नाही. मग गवत सुटलं.
उठले तर उशी ओली. घरात कुणी नव्हतं ते बरं.

२८ मार्च
सासूबाई लसूण सोलत होत्या. विचारलं, तिचं नाव आता ठेवलं तर?
"नाव आत्यानं ठिवायचं आस्तं. तू कशी ठिवशील?" सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत म्हणाल्या, "तिनं ठरवलं व्हतं कायतरी. कुंची बी शिवून आणली व्हती."
म्हणजे नाव आहे. तेरा वर्षं वन्संच्या पोटात आहे आणि मला ठाऊक नाही.

६ एप्रिल, रविवार
पिंपरी पेंढारला वन्संकडे जाऊन आले. दोनदा एस.टी. बदलली. विचारल्यावर वन्सं चहाच ढवळत बसल्या. "कशाला आता, वयनी?" मी हटले नाही. मग त्यांनी बाहेर बघितलं. सारिका अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती.
"मला बी लई दिस पोर नव्हतं. मग ही झाली. हिच्या आत्यानं दुसरं नाव काढलं व्हतं, पण मीच हट्टानं ह्ये ठिवायला लावलं. वाटलं, वाया कशाला घालवायचं... कुंची बी हिलाच घातली. तुमास्नी सांगायचं कसं?"
चांगलं केलंत, म्हणाले. दुसरं काय म्हणणार. चहा प्यायले आणि निघाले.

७ एप्रिल
अकरा वर्षं त्याच नावानं हाका मारतेय. जेवायला, न्हायला, वेणी घालायला. माझ्याच तोंडानं. चीड येते. वन्संवर येत नाही, पोरीवर तर नाहीच. मग कुणावर ते सापडत नाही. भाजी करपवली.

१९ एप्रिल
जा. स्व. गवत घट्ट धरलं होतं. हाक मारली, "सारिका."
वळली. वन्संची सारिका. शाळेचा फ्रॉक, मीच घातलेल्या वेण्या. "काय गं मामी?"
धोंड्यापाशी दुसरं कुणी नव्हतं. मीच मूठ सोडली.

२ मे
अंगण येतं. कोरडं. मी चौकटीला हात लावून उंबऱ्यावर बसून राहते, हिरड्याकडे जात नाही. ती तिथे असेल तर वाट बघत असेल. नसेल तर
कशातच मन लागत नाही. ह्यांना वाटतं, उन्हाचा त्रास.

७ मे
सारिका आली. फ्रॉक नीट बसला. दुपारी मागच्या अंगणात खेळत होती. ताट वाढलं, चौकटीत उभी राहिले, आणि तोंडातून नावच निघेना. "अगं ए, जेवायला चल." ऐकलं नाही. परत "अगं ए." तिसऱ्यांदा म्हटल्यावर आली, हात फ्रॉकला पुसत. "मामी, नाव इसरलीस व्हय माजं?" हसत होती.
बस म्हटलं, भात निवतोय.
आता माझ्या शेजारीच निजलीय. सकाळी हाक मारून उठव, म्हणालीय.