गार होऊ न दिलेला काढा

सोमवार

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, हसू नकोस. डाव्या हाताने लिहितोय. भावोजींचं आणि माझं कारखान्यात वाजलं. औषधी अळंबी उकळून काढलेला काढा पुरता गार झाल्यावरच त्यात स्पिरिट ओतायचं, मग औषधी अंशाचे, म्हणजे पॉलिसॅकराइडचे, पांढरे धागे तळाशी बसतात. भावोजींना धीर कुठला! गरम पातेल्यातच ओतायला निघाले. वाफ पेटेल म्हणून मी आडवा गेलो, तर ढवळायच्या लोखंडी दांड्याने माझे दात पाडले आणि उजवा हात उकळत्या काढ्यात दाबून धरला. कामगारांनी त्यांना ओढून काढलं. तुझ्याकडे बघून सगळ्यांना पाय घसरला म्हणून सांगितलं.

ताई, ते तुझ्यावरही हात टाकतात का? खरं लिही.

माया आटू देऊ नकोस.

ठोंब्या

बुधवार

चि. ठोंब्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं डावं अक्षर उजव्यापेक्षा बरं आहे. टाकतात. मानेवरचा डाग तव्याचा नव्हे, यांनी तापवलेल्या उलथन्याचा आहे. तुझं पत्र यांच्या हाती लागलं आणि मला केसांना धरून भिंतीवर आपटलं. एका कानाने ऐकू येत नाही.

शनिवारी स्वतः स्पिरिट ओतून दाखवतो म्हणतात. बाकीच्यांना सुट्टी दे. यांना अडवू नकोस. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, एवढं दे.

हाताला मलम लाव, पोटभर जेव.

ताई

रविवार

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

सगळ्यांना घरी पाठवलं. भावोजींनी पातेल्याखालचा गॅस चालू ठेवूनच स्पिरिटचा डबा उपडा केला. मी दारात उभा होतो, तोंड उघडलं नाही. भडका छताला भिडला. भावोजी पेटले, मला हाका मारत सुटले, आणि माझ्याच्याने बघवेना. घोंगडी टाकून मीच विझवलं. तू मागितलंस ते देता आलं नाही, ताई. ऐनवेळी कच खाल्ली.

जगतील. दोन्ही हात गेले, घासही दुसऱ्याने भरवावा लागतो. तुला बोलवा म्हणून रडतात. नर्स विचारते, बायको कधी येणार. काय सांगू?

रागाव, पण टाकू नकोस.

ठोंब्या

मंगळवार

चि. ठोंब्यास, अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. विझवलंस ते बरं केलंस. तुझ्या जिवाला जन्माचा घोर लागला असता. कपडे भरलेत, उद्या तुझ्याकडे राहायला येते. दवाखान्यात पाऊल टाकणार नाही.

नर्सला सांग, भरवताना बोटं जपा, तो चावतो. माझ्या करंगळीचं पेर दारात चेमटून गेलं नव्हतं.

लोभ तुझ्यापुरता शाबूत आहे.

ताई