बिनउंबऱ्याची मोरी

८ जानेवारी, बुधवार

ठरलं! तीन नंबरच्या खोलीत आतच मोरी करायची, खुर्चीच्या संडासासकट. आणि मोरीला उंबरा ठेवायचा नाही. बरकतचा वॉकर सरळ आत गेला पाहिजे.

सकाळी सादिका खोलीची चावी परत द्यायला आली होती. बरकत म्हणजे तिचा नवरा, ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री. मागच्या गुरुवारी पहाटे मांडी मोडून घेतली. मी तेव्हा ओतूरला, माहेरी. कामावर जाताना मोटारसायकल घसरली म्हणे. गाडी दारात उभी आहे, एक ओरखडा नाही. माणसापेक्षा गाडी पक्की!

आता मांडीत रॉड, महिनाअखेरपर्यंत दवाखान्यात. डॉक्टर म्हणतात, उकिडवं बसायचं नाही, पायरी चढायची नाही. आणि आमच्या चाळीची मोरी कुठं? अंगणाच्या टोकाला, तीन पायऱ्या वर! "मावशी, औशाला घेऊन जाते ओ त्यांना. सासू हाय तिकडं." मग कामाचं काय? गॅरेजवाला म्हणलाय, एक तारखेपासून टेबलाशी बसून पंप साफ कर, नाही आलास तर दुसरा माणूस बघतो. औशाला गेला की संपलं सगळं.

मी चावी घेतलीच नाही. तोंडातून निघून गेलं — "एक तारखेच्या आत तुझ्या खोलीत मोरी करून देते."

विचार नंतर केला. नेहमीसारखा.

९ जानेवारी

जयदीपला फोनवर सांगितलं. "आई, तुला कशाला नसते उद्योग? वाकडला ये रहायला." ही डायरी त्यानेच दिली, त्याच्या कंपनीची. डोकं तापलं की मला फोन करू नको, यात लिही म्हणाला. चौथीपर्यंतची शाळा माझी, पण डोकं रोज तापतं, त्यामुळे पानं भरतात.

बिनउंबऱ्याची मोरी मी बघितली ती त्याच्याच फ्लॅटमध्ये. चौदावा मजला. पहिल्याच दिवशी मी काच न लोटता दोन बादल्या अंगावर घेतल्या. पाणी हॉलमध्ये, सोफ्याखाली, मोनिकाच्या लॅपटॉपपर्यंत! सून एक शब्द बोलली नाही, नुसती पुसत होती. न बोलणारी सून फार बोलते.

११ जानेवारी

भैरू गवंडी आला. माझा चुलत दीर, आमच्या सगळ्या खोल्या त्यानेच बांधल्यात.

"वैनी, उंबरा न्हाई म्हंजी पानी अडवायचं कुनी?"

"ढाळाने."

"ढाळ म्या देतो. पन तुमी मधी मधी बोलायचं न्हाई."

"मी कधी बोलते?"

भैरूने थैली परत खांद्याला लावली. मी चहा टाकला, तेव्हा बसला.

जाताना म्हणाला, "त्या जुन्या मोरीची तिसरी पायरी हालतीया. दिवाळीपासनं सांगतोय." मला दिसत नाही का? ओतूरहून आले तेव्हा जास्तच कलली होती. मीच खाली वीट सारली, वरून दोन दगड मारले. घट्ट! एवढ्याशा कामाला गवंडी कशाला?

१४ जानेवारी

संक्रांत. घरात तीळ, तीन नंबरमध्ये धूळ. काम चालू तोवर सादिकाचं सामान माझ्या घरात आहे. दवाखान्यातली कपड्यांची पिशवी धुवायला आणली तिने. तळाशी बरकतची एकच चप्पल, उजवी. "दुसरी कुठाय गं?" "गेली रस्त्यातच." तिळगूळ दिला, तर डोळे भरले तिचे. मला असलं जमत नाही. म्हणलं, खा आधी, नरम पडेल.

गावात बायका म्हणतात, हिचं मन मोठं, हिने यांना खोली दिली. मन कसलं! तीन वर्षांपूर्वी ही दोघं दारात आली, तेव्हा आत दूध उतू जात होतं. नाव-गाव विचारायला वेळ कुणाला? चावी हातात कोंबली आणि पळाले. तरी पातेलं करपलंच.

१५ जानेवारी

मी पसंत केलेली चकचकीत फरशी दुकानात परत दिली. भैरू आधीच म्हणत होता खडबडीत आणा. कारण लिहिणार नाही. उशी घेऊन बसलेय.

१७ जानेवारी, शुक्रवार

पाइप पडला, सिमेंटचा कोबा झाला, ढाळ झाला. ढाळ झकास! तांब्याभर पाणी कुठंही ओता, घरंगळत जाळीकडे जातं. मी बारा तांबे ओतून बघितले. भैरू म्हणाला, आता बास की वैनी.

मग त्याने जाळीत चिंधी कोंबली, सगळीकडे चार बोटं पाणी भरलं. भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. "तीन दिस हात लावायचा न्हाई. पानी रेघंखाली गेलं म्हंजी कुठंतरी मुरतंय. तसंच राहिलं तर मग फरशी." आणि गेला चाकणला दुसऱ्या कामावर.

तीन दिवस! नुसतं पाणी बघत बसायचं?

१८ जानेवारी

सकाळी बघितलं, पाणी रेघेला. जरासं खाली वाटलं, पण चष्मा नव्हता. चिंधी काढली. भैरूला फोन केला — झाले तीन दिवस, फरशी लाव.

"वैनी, काल तर भरलं."

"माझं घर, माझं पाणी."

२२ जानेवारी, बुधवार

पहाटे कूस बदलली तर उशी ओली. आधी वाटलं लाळ गळली, वय झालं! दिवा लावला. भिंतीला ओल, हातभर, माझ्या उशाशी. पलीकडे तीन नंबर. काल तिथं फरशी लागली म्हणून मी हौसेने चार बादल्या ओतल्या होत्या.

कुणाच्या भिंतीत शिरावं पाण्याने? बरोबर पत्ता शोधला.

भैरू आला. भिंत बघितली, मला बघितलं, घण उचलला. एक शब्द नाही. हाही मोनिकाच्या शाळेतला निघाला.

२३ जानेवारी

फरशी उखडली. कोपऱ्यात पाइपाजवळ केसाएवढी चीर. तीन दिवस थांबले असते तर रेघेने सांगितलं असतं.

सादिका काल संध्याकाळपासून सामान बांधतेय. आज कळलं, फोनवर तिकिटं काढलीत. एकतीसची रात्रीची गाडी, औसा. दोन. "तुम्ही लई केलं मावशी. आता आमच्या नशिबात नाही."

नशिबात नाही कसं? तुझ्या नशिबात मी आले ना, तिथंच वाट लागली! हे बोलले नाही. म्हणलं, "एकतीसला सकाळी आधी त्याला इथं आण. मोरी बघ, मग काय ते ठरव."

२६ जानेवारी

चीर भरली, कोबा परत केला. आज पुन्हा पाणी, पुन्हा रेघ. भैरूने खोलीला कुलूप लावलं आणि चावी खिशात घालून घेऊन गेला. माझ्या खोलीची! मी खिडकीतून बघते. दर तासाला. चष्मा लावून.

२७ जानेवारी

रेघेला.

२८ जानेवारी

रेघेला!

२९ जानेवारी

भैरूने चिंधी स्वतः काढली. आधी माझ्याकडे बघितलं, मग काढली. लगेच फरशी लावायला बसला. खडबडीत. भिंतीला धरायला दांडा पण लावला. मी म्हणलं, तरण्या माणसाला दांडा कशाला? तो म्हणाला, "उशी अजून हाय न्हवं तुमच्याकडं?"

३१ जानेवारी, शुक्रवार

अकराला दवाखान्यातून निघाले, एक वाजला तरी पत्ता नाही. चाकण चौक तुंबला असणार, त्याला सतरा शिव्या दिल्या. शेवटी रिक्षा आली. बरकत अर्धा झालाय. वॉकर टेकत खोलीत, मग थेट मोरीत — कुठं अडला नाही. दार लावून घेतलं.

मी आणि सादिका बाहेर जमिनीकडे बघत बसलो. आत पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. दुसरा. दारातून एक थेंब बाहेर नाही. सादिकाने माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

अर्धा तास झाला. मी दार वाजवलं. "मेलास का रे?"

"मावशी, महिन्याने अंघोळ करतोय ओ! पाणीपट्टी वाढवणार का?"

"आधी बाहेर ये, मुडद्या! भाकरी गार होते!"

सादिका हसली. मग फोन काढून माझ्यासमोर तिकिटं रद्द केली.

१ फेब्रुवारी

बरकत रिक्षाने कामावर गेला. डबा सादिकाचा, ठेचा माझा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्या मोरीच्या पायऱ्या काढायला घेतल्या, तिथंही ढाळ करायचा म्हणून. भैरूने तिसरीखालची माझी वीट उपटली. मागच्या पोकळीत चप्पल. बरकतची, डावी. माझ्या विटेने दाबून चपटी केलेली.

सादिका नळावर भांडी घासत होती. तिने बघितलं. हात थांबले.

"त्यांनीच सांगितलं होतं मावशी, गाडीवरून पडलो म्हण. खोली शोधताना चार घरांत नाव ऐकून दार लावलं होतं. तुम्ही तर नावही विचारलं नव्हतं."

डायरी मागे उलटली. आठ तारीख — एक ओरखडा नाही. अकरा तारीख — दोन दगड मारले, घट्ट. माझंच अक्षर.

बरकत सहाला सुटतो. आज चाकण चौक लवकर मोकळा होऊ नये.