फ्रिजमधला वाटा

सोहेलच्या अब्बांना,

फ्रिजमधलं मटण मांजरानं नेलेलं नाही, मी नेलंय. उगाच सोहेलवर ओरडू नका.

सकाळी मागच्या गल्लीत हमीदाबीकडं गेले होते. इचलकरंजीतलं तिच्या नवऱ्याचं मागावरचं काम सुटल्यापासून त्यांच्या घरात मटण शिजतं ते बकरी ईदलाच. ती हसत हसत म्हणाली, "भाभी, तुमचा बकरा लई वाळला हुता का वो?" काल तुम्ही तिला दिलेल्या पिशवीत बघितलं तर नुसत्या नळ्या आणि चरबी. दोन महिने त्या बकऱ्याला मी माझ्या हातानं मका चारलाय. त्याच्या अंगावर काय होतं ते मला शिकवू नका.

कुर्बानीचे तीन वाटे, घरचा, नातेवाइकांचा आणि गरिबांचा, तुम्हीच काट्यावर केलेत. वजनाला तिन्ही सारखे, व्हय की! पण मांडीचं मांस सगळं घरच्या वाट्यात आणि गरिबांच्या वाट्यात हाडं. अल्लाहला काय काटा दाखवणार हाय?

तुमच्या नळ्या परत आणून फ्रिजमध्ये ठेवल्यात. संध्याकाळी दोस्तांना जेवायला बोलावलंय ना, त्यांना पांढरा रस्सा करून घाला. खोबरं वरच्या डब्यात आहे.

पिशव्यांची अदलाबदल झाली, असं मी हमीदाबीला सांगितलंय. ईदच्या दुसऱ्याच दिवशी तुमच्यापायी खोटं बोलले, आणि तिला ते खरं वाटलं. आज मी तिच्याकडंच जेवणार आहे. मसाला न्यायला घरी यायला निघाले, तर मागनं म्हणाली, "भाईस्नी सांगा, त्यांच्यासाठी चांगल्या फोडी बाजूला काढून ठेवल्यात."

तेव्हापासून माझं डोकं जास्तच फिरलंय.

जुलेखा